मंगळाचा फोटो ३०० किलोमीटरवरून: जागा ठरवण्यापासून सावली मोजण्यापर्यंत

३ ऑक्टोबर २००६ रोजी काढलेला एक फोटो मी आजही अधूनमधून उघडून बघतो. मंगळावरच्या व्हिक्टोरिया नावाच्या विवराचा हा फोटो. विवर साधारण पाऊण किलोमीटर रुंद, कड कंगोऱ्यांसारखी आत-बाहेर झालेली, तळाशी वाळूच्या लाटा. या कडेवर एका ठिकाणी, अगदी टोकाला, पाच-सहा पिक्सेलांचा एक ठिपका आहे. त्याला बारीकशी सावलीही आहे. तो ठिपका म्हणजे ऑपर्च्युनिटी रोव्हर, मंगळावर फिरणारी नासाची गाडी, आणि ती सावली त्याच्या कॅमेऱ्याच्या खांबाची. खाली एक यंत्र विवरात डोकावतंय आणि वरून दुसरं यंत्र त्या यंत्राकडे बघतंय. पहिल्यांदा तो ठिपका सापडला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

असे हजारो फोटो आज कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. पुढचा फोटो कुठे काढावा हे सुचवताही येतं. त्यासाठी खगोलशास्त्राची पदवी लागत नाही. लागते ती एक सवय: चित्र बघायच्या आधी त्याची माहितीपट्टी, म्हणजे फोटोसोबत दिलेले जागा, वेळ आणि कोनांचे आकडे, वाचायची. बहुतेक जण चित्र आधी बघतात आणि माहितीपट्टीकडे वळतच नाहीत. मग खड्ड्याची टेकडी होते, काळी वाळू निळी दिसते आणि टेकडीला माणसाचं तोंड फुटतं. म्हणून हा लेख फोटो जसा घडतो त्याच क्रमाने लिहिला आहे.

आधी कॅमेरा समजून घ्या

मोबाईलचा कॅमेरा एका क्षणात अख्खी चौकट टिपतो. मंगळाभोवती फिरणारे बरेचसे मोठे कॅमेरे तसं करत नाहीत. ते स्कॅनरसारखे चालतात. कॅमेऱ्यात पिक्सेलांची एक लांब ओळ असते, यान पुढे सरकतं आणि जमीन त्या ओळीखालून ओघळत जाते. एकेक ओळ वाचत फोटोची पट्टी तयार होते.

नासाच्या मार्स रिकॉनसन्स ऑर्बिटर या यानावरचा हायराईज कॅमेरा घेऊ. हे यान १२ ऑगस्ट २००५ ला निघालं आणि १० मार्च २००६ ला मंगळाच्या कक्षेत पोहोचलं. हायराईजच्या दुर्बिणीचा आरसा अर्ध्या मीटरचा आणि नाभीय अंतर १२ मीटर. त्याचा एक पिक्सेल एक मायक्रोरेडियन कोन बघतो, म्हणजे एक किलोमीटरवर ठेवलेली एक मिलिमीटरची वस्तू. यान साधारण २५५ ते ३२० किलोमीटर उंचीवरून फिरतं, त्यामुळे ३०० किलोमीटरवरून एका पिक्सेलात ३० सेंटिमीटर जमीन मावते. आडवे सुमारे २०,००० पिक्सेल म्हणजे पट्टीची रुंदी ६ किलोमीटर.

आता वेगाचा हिशेब करा. या उंचीवर यानाखालची जमीन सेकंदाला सुमारे ३.१ किलोमीटर वेगाने मागे पळते. ३० सेंटिमीटर सरकायला लागणारा वेळ सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. एवढ्यात एक ओळ टिपायची, तीही पृथ्वीवरच्या उन्हाच्या निम्म्याहून कमी उजेडात. एका ओळीत पुरेसा प्रकाश जमा होणं अशक्यच. यावरची युक्ती मला फार आवडते. पिक्सेलांच्या एका ओळीऐवजी पाठोपाठ १२८ ओळी ठेवल्या आहेत आणि जमलेला विद्युतभार जमीन सरकते त्याच वेगाने एका ओळीतून पुढच्या ओळीत ढकलला जातो. जमिनीचा तोच तुकडा १२८ वेळा टिपला जातो आणि सगळा प्रकाश एकत्र होतो. परिस्थितीनुसार ८, ३२, ६४ किंवा १२८ ओळी वापरतात.

या युक्तीची किंमत म्हणजे यानाला जराही थरथरून चालत नाही. सौर पंख फिरवणारी मोटर, अँटेना वळवणारी मोटर, शेजारच्या उपकरणाची हालचाल, कशानेही फोटोत लाटा उमटू शकतात. महत्त्वाच्या फोटोच्या वेळी अशा हालचाली थांबवून ठेवतात. कधी एखाद्या फोटोत सरळ कडा नागमोडी दिसली किंवा रंगीत पट्टीत लाल-निळ्या किनारी सुटल्या, तर भूगर्भशास्त्र शोधत बसू नका. ते थरथरणं आहे.

आणखी एक खूणगाठ बांधून ठेवा. ३० सेंटिमीटरचा पिक्सेल म्हणजे ३० सेंटिमीटरची वस्तू दिसते असं नाही. अर्ध्या मीटरच्या आरशातून प्रकाश मुळातच जवळपास दीड-पावणेदोन पिक्सेल पसरतो. एखादी वस्तू ‘ही अमुक आहे’ असं म्हणायला तीन-चार पिक्सेल तरी हवेत, म्हणजे साधारण एक मीटर. त्याहून लहान काही दिसलं तर तो फक्त ठिपका, त्याला नाव देऊ नये.

कुठल्या यानाकडे बघायचं

नवे लोक थेट हायराईजवर उडी मारतात आणि हरवतात. एवढ्या वर्षांत हायराईजने मंगळाचा काही टक्केच भाग टिपला आहे. सुरुवात त्याच यानावरच्या सीटीएक्स कॅमेऱ्यापासून करा. त्याचा पिक्सेल ६ मीटरचा आणि पट्टी ३० किलोमीटर रुंद, आणि त्याने जवळपास अख्खा ग्रह झाकला आहे. सीटीएक्स म्हणजे जिल्ह्याचा नकाशा, हायराईज म्हणजे एका वाड्याचा आराखडा. आधी जिल्हा बघावा.

उंचसखलपणा आणि रंग एकत्र हवा असेल तर युरोपच्या मार्स एक्स्प्रेसवरचा एचआरएससी कॅमेरा. हे यान २५ डिसेंबर २००३ पासून मंगळाभोवती आहे. या कॅमेऱ्यात नऊ ओळी आहेत. काही पुढे बघतात, काही सरळ खाली, काही मागे. त्यामुळे एकाच फेरीत त्रिमिती चित्र मिळतं, पिक्सेल सुमारे १० मीटरपर्यंत. मंगळाभोवतीच्याच ट्रेस गॅस ऑर्बिटर या यानावरचा कॅसिस कॅमेरा साडेचार मीटरच्या आसपास रंगीत चित्र देतो. तो स्वतःच्या अक्षावर वळू शकतो, म्हणून पुढून एक आणि मागे वळून एक असे दोन फोटो एकाच फेरीत घेतो.

मंगळयानाबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण त्याचं वैशिष्ट्य अनेकांच्या लक्षात येत नाही. २४ सप्टेंबर २०१४ ला ते कक्षेत शिरलं. कक्षा फार लांबट होती: जवळचं टोक ४०० किलोमीटरच्या थोडं वर, दूरचं टोक सुमारे ७७,००० किलोमीटर. अहमदाबादच्या स्पेस अॅप्लिकेशन्स सेंटरने बनवलेला त्याचा मार्स कलर कॅमेरा दीड किलोहूनही हलका. मोबाईलसारखा चौकट टिपणारा, २,०४८ गुणिले २,०४८ पिक्सेलांचा. जवळून पिक्सेल २५ मीटरच्या घरात, म्हणजे बारकाव्यात तो मागेच पडणार. पण लांबच्या टोकावरून अख्खा मंगळ एका चौकटीत, एकाच क्षणी, एकाच उन्हात त्याला दिसायचा. ३०० किलोमीटरवरून फिरणाऱ्या यानाला ते जमत नाही; त्याला ग्रहाचं चित्र पट्ट्या जोडून शिवावं लागतं. धुळीचं वादळ कुठून कुठे सरकलं हे बघायचं असेल तर अशी एकसंध चौकट सोन्यासारखी.

जागा नक्की करा, आणि आधीच कुणी टिपली आहे का बघा

जेमार्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचं. त्यात मंगळाचा नकाशा उघडा आणि तुमची जागा अक्षांश-रेखांशाने गाठा. मंगळावर रेखांश आता बहुधा पूर्वेकडे ० ते ३६० असे मोजतात. जुन्या नकाशांत पश्चिमेकडे मोजलेले सापडतात. या एका फरकामुळे माणूस ग्रहाच्या भलत्याच बाजूला जाऊन पोहोचतो, म्हणून रेखांशापुढे ‘पूर्व’ लिहायची सवय ठेवा. मग हायराईज आणि सीटीएक्सच्या पट्ट्यांचे थर चालू करा. तुमच्या जागेवरून आधीच पट्टी गेली असेल तर अर्धं काम झालं. एकाहून जास्त गेल्या असतील तर भाग्यच, कारण पुढे तुलना करता येईल.

जागा निवडताना ‘सुंदर दरी’ एवढं पुरत नाही. प्रश्न ठरवा. या उतारावरून घळी उतरल्या आहेत का? या विवराच्या तळाशी थर उघडे पडलेत का? प्रश्न ठरला की कुठला पिक्सेल, कुठला ऋतू आणि कसं ऊन हवं ते आपोआप ठरतं.

ऋतू

मंगळाचं वर्ष ६८७ पृथ्वीदिवसांचं. तारखेऐवजी तिथे सूर्य-रेखांश नावाचा आकडा वापरतात, ० ते ३६० अंश. ० म्हणजे उत्तर गोलार्धातला वसंत सुरू, ९० म्हणजे तिथला उन्हाळा, १८० शरद, २७० हिवाळा. दक्षिणेत याच्या उलट. सुमारे २५१ ला मंगळ सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो. १८० ते ३६० हा धुळीचा हंगाम. ग्रहव्यापी वादळं याच काळात उठतात. २००१, २००७ आणि २०१८ ची वादळं अशीच. उलट ९० च्या आगेमागे हवा स्वच्छ असते, पण विषुववृत्ताजवळ बर्फाच्या पातळ ढगांचा पट्टा येतो. हेलास खोऱ्यासारख्या काही जागा तर वर्षातला बराच काळ धुरकटच असतात. तिथला फोटो फिका दिसला तर दोष कॅमेऱ्याचा नाही.

धुळीपुढे थांबता येणं किती मोलाचं असतं, ते १९७१ सालीच कळलं. मरिनर ९ हे दुसऱ्या ग्रहाभोवती फिरू लागलेलं पहिलं यान. १४ नोव्हेंबर १९७१ ला ते पोहोचलं तेव्हा अख्खा मंगळ वादळाने झाकला होता. दिसत होते ते फक्त चार काळपट डाग. सोव्हिएत संघाची मार्स २ आणि मार्स ३ ही यानंही त्याच सुमारास पोहोचली, पण त्यांचा फोटोंचा कार्यक्रम आधीच भरून ठेवलेला होता. त्यांनी धुळीचे फोटो काढले. मरिनर ९ ला पृथ्वीवरून नवी आज्ञा देता येत होती, म्हणून ते थांबलं. १९७२ च्या जानेवारीत धूळ बसली आणि ते चार डाग म्हणजे ज्वालामुखींचे माथे निघाले. त्यांतला एक ऑलिम्पस मॉन्स. मोहीम संपेपर्यंत ७,३२९ फोटो जमले.

ध्रुवांजवळ ऋतूचं महत्त्व आणखी वाढतं. हिवाळ्यात तिथे सूर्य उगवतच नाही, फोटोचा प्रश्नच मिटतो. वसंतात मात्र दर आठवड्याला जमीन बदलते. दक्षिण ध्रुवाजवळ कार्बन डायऑक्साइडच्या बर्फाखाली वायू कोंडतो, फुटून वर येतो आणि काळ्या धुळीचे पंखे बर्फावर पसरवतो. १९ फेब्रुवारी २००८ ला हायराईजने उत्तर ध्रुवाजवळचा एक उंच कडा टिपला. हेतू होता कड्यावरचा ऋतूतला बर्फ बघण्याचा, आणि फोटोत सापडल्या कोसळत्या दरडी, धुळीच्या लोटांसकट. तोच कडा वेगळ्या ऋतूत टिपला असता तर शांत भिंत दिसली असती.

ऊन: इथे घाई करू नका

माझ्या मते कक्षेतला फोटो कॅमेऱ्याइतकाच उन्हावर ठरतो, किंबहुना जास्तच. प्रत्येक फोटोच्या माहितीपट्टीत तीन कोन असतात. इन्सिडन्स अँगल म्हणजे शाळेत शिकलेला आपाती कोन: सूर्य डोक्यावर असेल तर ०, क्षितिजावर असेल तर ९०. इमिशन अँगल म्हणजे कॅमेरा किती तिरपा बघत होता. सरळ खाली बघितलं तर ०. फेज अँगल म्हणजे सूर्य आणि कॅमेरा यांच्या दिशांमधला कोन.

खडक, कडा, थर यांचे आकार बघायचे तर कलती उन्हं हवीत, इन्सिडन्स अँगल ५० ते ७० च्या दरम्यान. सावल्या लांबतात आणि प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. रंग किंवा खनिजांतला फरक बघायचा तर ऊन जास्त वरून हवं, नाहीतर सावल्याच सगळं व्यापतात. दोन्ही एकाच फोटोत मागू नका.

मार्स रिकॉनसन्स ऑर्बिटरची कक्षा अशी बांधली आहे की उजेडाच्या बाजूने जाताना खाली नेहमी दुपारचे सुमारे तीन वाजलेले असतात. म्हणजे सूर्य पश्चिमेकडे. नकाशावर बसवलेल्या फोटोत उत्तर वर असते, त्यामुळे उजेड डावीकडून येतो. आता हा नियम वहीत लिहून ठेवा: डावी बाजू अंधारी आणि उजवी उजळ असेल तर तो खड्डा, डावी उजळ आणि उजवी अंधारी असेल तर ती टेकडी.

हा नियम मी धडा घेऊन शिकलो. एकदा एका पठारावर मला गोल घुमटांची रांग दिसली. एकसारखे, गुळगुळीत, जवळजवळ सुबक. संध्याकाळभर मी त्यांचे व्यास मोजत होतो आणि हे चिखलाचे ज्वालामुखी असावेत अशी टिपणं काढत होतो. झोपायच्या आधी सहज माहितीपट्टी बघितली. मी उघडलेली फाईल नकाशावर न बसवलेली होती, तिच्यात उत्तर वर नव्हती आणि उजेड उजवीकडून येत होता. फोटो फिरवला. घुमट एकेक करून खाली बसले आणि त्यांची साधी विवरं झाली. आपला मेंदू उजेड वरून किंवा डावीकडून येतो असं गृहीत धरतो. त्याला समजावून उपयोग नसतो, फोटो फिरवावा लागतो.

माहितीपट्टीत यासाठी दोन आकडे असतात, नॉर्थ अझिमथ आणि सब-सोलर अझिमथ. हायराईजमध्ये ते फोटोच्या उजव्या कडेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजतात. नॉर्थ अझिमथ २७० असेल तर उत्तर सरळ वर. सब-सोलर अझिमथ १८० च्या आसपास असेल तर सूर्य डावीकडे. ध्रुवांजवळ हा आकडा खूप बदलतो, तिथे वरचा नियम डोळे मिटून लावू नका.

सकाळचं ऊन हवं असेल तर कॅसिस किंवा मार्स एक्स्प्रेसकडे वळा. त्यांच्या कक्षा एका ठरावीक वेळेला बांधलेल्या नाहीत, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळा त्यांना मिळतात.

आणि ते प्रसिद्ध तोंड. २५ जुलै १९७६ ला व्हायकिंग १ च्या कक्षायानाने सायडोनिया भागातली, सुमारे दोन किलोमीटर लांबीची एक टेकडी टिपली. कलती उन्हं, एका पिक्सेलात जवळपास ५० मीटर जमीन, आणि पृथ्वीकडे पाठवताना हरवलेल्या माहितीचे काळे ठिपके; त्यातला एक नेमका नाकपुडीच्या जागी. सावलीने डोळे आणि ओठ रंगवले. १९९८ आणि २००१ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयर या यानाने तीच टेकडी जास्त बारकाईने, वेगळ्या उन्हात टिपली आणि झिजलेलं साधं पठार समोर आलं.

मागणी नोंदवा

तुमच्या जागेचा फोटो नसेल तर हायराईज चमूने जानेवारी २०१० मध्ये सुरू केलेली हायविश ही सोय वापरा. खातं उघडायचं, नकाशावर चौकट आखायची, नाव द्यायचं, शास्त्रीय विषय निवडायचा आणि हा फोटो का हवा ते लिहायचं. हे ‘का’ नेमकं लिहा. ‘इथे पाणी असेल का’ असं लिहिण्यापेक्षा ‘सीटीएक्सच्या फोटोत विवराच्या उत्तर भिंतीवर फिके थर दिसतात, त्यांची जाडी आणि तुटलेल्या कडा बघायच्या आहेत’ असं लिहिलं तर निवडणाऱ्यांना काम सोपं जातं. चौकट लहान ठेवा. त्यानंतर धीर धरा. यान त्या जागेवरून जायला हवं, ऋतू जुळायला हवा, यानाला बाजूला कलून बघायची परवानगी हवी, शेजारी अधिक तातडीचं लक्ष्य नको. कधी काही महिने लागतात, कधी वर्षं, आणि काही सूचना तशाच पडून राहतात.

फोटो पृथ्वीवर कसा येतो

हे वाचणाऱ्याला अनावश्यक वाटेल, पण फोटो कधी धूसर का मिळतो त्याचं उत्तर इथे आहे. २०,००० गुणिले ४०,००० पिक्सेलांचा एक फोटो म्हणजे ८० कोटी पिक्सेल. पिक्सेलाला ८ बिट धरले तर ६४० कोटी बिट. यान हे टिपायला चार सेकंद घेतं. पण मंगळ दूर असताना सेकंदाला ५ लाख बिट एवढाच वेग मिळतो, म्हणजे कॉम्प्रेशन सोडलं तर एका फोटोला साडेतीन तास. जवळ असताना ६० लाख बिटांपर्यंत वेग जातो आणि तोच फोटो अठरा मिनिटांत येतो. म्हणून चमू बरेचदा शेजारचे चार पिक्सेल मिळून एक करतो. याला बिनिंग म्हणतात. ‘२×२’ लिहिलं असेल तर तुमच्या हातात ३० नव्हे, ६० सेंटिमीटरचा पिक्सेल आहे. आणि साधारण दर २६ महिन्यांनी मंगळ सूर्याआड जातो, तेव्हा सुमारे दोन आठवडे यानांना नव्या आज्ञा पाठवणं बंद ठेवतात.

फाईल उतरवा, पण आधी नाव वाचा

व्हिक्टोरियाच्या त्या फोटोचं नाव आहे टीआरए_०००८७३_१७८०. हायराईजच्या संकेतस्थळावर अक्षरं आणि आकडे रोमन असतात, पण घडण हीच. पहिली तीन अक्षरं मोहिमेचा टप्पा सांगतात: टीआरए सुरुवातीचा संक्रमणकाळ, पीएसपी मुख्य टप्पा, ईएसपी त्यानंतरचा वाढीव टप्पा. मधले सहा आकडे कक्षेचा क्रमांक. शेवटचे चार आकडे जागा: यानाने कक्षेत किती अंश कापले, शेवटचा आकडा दशांश. १८०० म्हणजे उजेडाच्या बाजूचं विषुववृत्त. १७८० म्हणजे त्याच्या दोन अंश दक्षिणेला, आणि व्हिक्टोरिया तिथेच आहे. १९८५ दिसलं तर १८.५ अंश उत्तर, जेझेरो विवराचा अक्षांश. याची सवय झाली की फाईलींच्या यादीवरून नजर फिरवतानाच कुठला भाग आहे ते कळतं.

पानावर छोटी जेपीईजी चित्रं असतात. ती फक्त ओळखीसाठी. मोजमापाला जेपीईजी २००० ही मोठी फाईल घ्या, नकाशावर बसवलेली. ती शेकडो मेगाबाइटची असते. साध्या चित्रदर्शकात उघडायला गेलात तर संगणक गुदमरेल. हायराईजचं मोफत हायव्ह्यू किंवा नकाशांसाठीचं क्यूजीआयएस वापरा. ही सॉफ्टवेअरं लागेल तेवढाच तुकडा वाचतात.

माहितीपट्टीत ‘मूळ पिक्सेल २९.७ सेंटिमीटर, नकाशावर २५ सेंटिमीटर’ असं दिसेल. नकाशाची फाईल ताणून बसवलेली असते, त्यामुळे बारकावा वाढत नाही. मोजताना २५ घ्या, विश्वास मात्र २९.७ वर ठेवा. २०२३ नंतरच्या फोटोंत मधोमध रिकामी पट्टी दिसली तर फाईल बिघडलेली समजू नका. हायराईजच्या मधल्या लाल संवेदकांपैकी एक त्या वर्षी निकामी झाला.

उजेड ताणणं आणि रंगांचा चकवा

फाईल उघडल्यावर ती राखाडी, निस्तेज दिसेल. हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या उजळपणाचे किती पिक्सेल आहेत याचा आलेख, बघा: सगळे पिक्सेल मधल्या अरुंद पट्ट्यात दाटलेले. दोन्ही टोकं आत ओढा, पण सावल्यांच्या आत थोडा तपशील शिल्लक राहील एवढीच. मंगळावरची सावली पूर्ण काळी नसते. धुळकट आकाशातून तिथेही उजेड उतरतो. शार्पन करायचा मोह आवरा. त्यामुळे खडकांभोवती पांढरी कडी उमटतात आणि पुढच्या माणसाला ती बर्फाची वाटतात. दोन फोटोंची उजळता थेट तुलना करू नका, कारण प्रत्येक फाईलचे आकडे वेगळ्या मापात बसवलेले असतात.

रंग हायराईजच्या मधल्या सव्वा किलोमीटरच्या पट्टीतच मिळतो. त्यात तीन वाहिन्या: निळी-हिरवी, लाल आणि डोळ्यांना न दिसणारी अवरक्त. नेहमीच्या रंगीत फाईलीत अवरक्तला लाल रंग देतात, लालला हिरवा आणि निळ्या-हिरव्याला निळा. म्हणून त्या झगमगत्या निळ्या वाळूच्या टेकड्या प्रत्यक्षात निळ्या नाहीत. ती बेसाल्टची काळपट वाळू, भोवतालच्या गंजलेल्या धुळीपेक्षा कमी लाल, एवढंच. असं चित्र कुणाला दाखवताना खाली ‘रंग वाढवलेले’ असं लिहाच.

सावलीवरून उंची

आता मोजपट्टी हातात घ्या. सपाट जमिनीवरचा एकटा खडक शोधा. कॅमेरा जवळपास सरळ खाली बघतोय, म्हणजे इमिशन अँगल लहान आहे, याची खात्री करा. सावली सूर्याच्या विरुद्ध दिशेने किती पिक्सेल पडली ते मोजा. समजा ८ पिक्सेल, २५ सेंटिमीटरचा एक, म्हणजे २ मीटर. इन्सिडन्स अँगल ६० असेल तर त्याचा टॅन १.७३. सावलीला त्याने भागा: खडकाची उंची १.१५ मीटर. सावलीची कड ठरवण्यात एका पिक्सेलची चूक सहज होते, म्हणून उत्तर ‘एक ते १.३ मीटर’ असं लिहा. जमीन सूर्याकडून दूर उतरत असेल तर सावली लांबते आणि खडक खोटा उंच होतो. उतारावर ही रीत वापरू नका. तिथे त्रिमिती जोडी हवी: तीच जागा दोन वेगळ्या कोनांतून टिपलेली. दोन्ही वेळचं ऊन सारखं असेल तरच त्या जोडीतून उंची नीट निघते.

पुन्हा तीच जागा

बदल शोधायचा तर वेगवेगळ्या मंगळवर्षांतले, पण शक्य तितक्या सारख्या सूर्य-रेखांशाचे आणि सारख्या कोनांचे फोटो जुळवा. दोन्ही एकाच चौकटीत एकावर एक ठेवून झपझप आलटून पालटून बघा. जे हलतं ते डोळा लगेच पकडतो. कधी मात्र उलट करावं लागतं: जागा तीच, ऊन मुद्दाम वेगळं. बीगल २ हे छोटं यान २५ डिसेंबर २००३ ला इसिडिस प्लॅनिशियावर उतरणार होतं. त्यानंतर त्याच्याकडून काहीच ऐकू आलं नाही. अकरा वर्षांनी, जानेवारी २०१५ मध्ये, ते हायराईजच्या फोटोंत सापडल्याचं जाहीर झालं. काही पिक्सेलांचा एक उजळ ठिपका, एवढंच. पण वेगवेगळ्या उन्हात घेतलेल्या फोटोंत त्याची चमक जागा बदलत होती. खडक तसं चमकत नाही. उघडलेले सौर पंख चमकतात. यान सुखरूप उतरलं होतं, पण त्याचे सगळे पंख उघडले नव्हते.